लेकरू व्हायचं म्हणजे प्रश्न सोडायचे का? रमाबाईंची 'साक्ष' वाचताना

'लेकरासारखे व्हा' हे ख्रिस्ती प्रवचनांत हमखास ऐकू येतं, आणि त्याचा अर्थ बऱ्याचदा 'सांगितलं ते निमूट ऐका' असा लावला जातो. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा १८वा अध्याय उघडून बघा. शिष्य विचारतात, सगळ्यात मोठा कोण? त्यावर येशू एका लेकराला मध्ये उभं करतो. सोडायला सांगितलाय तो मोठेपणा. विचार सोडा असं तिथे कुठेही नाही.

हा फरक कळायला पंडिता रमाबाईंचं १९०७ सालचं इंग्रजी आत्मनिवेदन घ्या, 'अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर'. मी मुळशीत राहते. रमाबाईंचं केडगाव आमच्याच जिल्ह्यात, पण पार दुसऱ्या टोकाला, दौंड तालुक्यात.

१८८३मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र बऱ्याच वर्षांनी सापडला, असं रमाबाई सांगतात. दुष्काळात आईवडील गेले ती पानं वाचून मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं होतं. पण पुस्तकाची एक अडचण आहे. ते शेवटच्या शरणागतीपासून मागे बघतं, त्यामुळे मधल्या वर्षांतले प्रश्न नुसतं भरकटणं वाटू लागतात.

ते तसं नव्हतं. पुरावा त्यांच्या पत्रांत आहे (ए. बी. शहा संपादित, १९७७). सिस्टर जेराल्डिनला त्या 'आजीबाई' म्हणत, आणि त्याच आजीबाईंशी त्रैक्याच्या सिद्धांतावरून कडाडून वाद घालत. चर्च सांगतं म्हणून मानणार नाही, हा त्यांचा सूर. नातवंडं आजीशी असंच भांडतात की!

देवावर विसंबणंही त्यांनी असंच केलं. १८९६-९७च्या दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी प्रार्थना केली, आणि केडगावात विहिरीही खणल्या. बायबल साध्या मराठीत आणायचं म्हणून हिब्रू-ग्रीक शिकल्या. दुसऱ्याच्या भाषांतरावर भागवलं नाही. १९२२मध्ये त्या गेल्या. पूर्ण बायबल छापून आलं १९२४मध्ये.

तुमच्यापैकी कुणी आत्मचरित्रं 'डेटा' म्हणून वापरणार असेल, तर इथे क्रम उलटा ठेवा. आधी १८८०च्या दशकातली पत्रं वाचा, मग १९०७ची साक्ष. साक्षीत कुठले प्रश्न गळाले, कुठले मवाळ झाले, ते समासात लिहीत जा.