ज्ञानकोशाची परीक्षा आणि चार महापदेस

दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्तात, भोगनगरच्या आनंदचेतियात तथागतांनी भिक्षूंना सांगितलेले चार महापदेस येतात. एखादे वचन प्रत्यक्ष भगवंतांचे, संघाचे, अनेक स्थविरांचे किंवा एका बहुश्रुत स्थविराचे म्हणून सांगितले गेले, तरी ते लगेच स्वीकारू नये व लगेच धिक्कारूही नये. सुत्त आणि विनय यांच्याशी ताडून मग निर्णय करावा, असा त्यांचा आशय आहे. हा नियम धम्मवचनांच्या रक्षणासाठी सांगितला गेला. तथापि ऐकीव माहितीच्या परीक्षेची पद्धती म्हणून त्याचे मोल आजही कमी झालेले नाही. उल्हासनगरहून बदलापूरला जाणारा विद्यार्थी पाव तासाच्या लोकल प्रवासात भ्रमणध्वनीवर अशोक, हिवताप आणि शनीची कडी या तिन्ही विषयांवरील नोंदी वाचतो. त्याला या पद्धतीची विशेष गरज आहे.

मराठीतील कोशपरंपरा समृद्ध आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले. त्यातील तिसऱ्या प्रस्तावनाखंडाचे नाव 'बुद्धपूर्व जग' व चौथ्याचे 'बुद्धोत्तर जग' असे आहे. जगाच्या इतिहासाची विभागणी करताना त्यांना बुद्धकाल हीच सीमारेषा योग्य वाटली, ही गोष्ट लक्षणीय होय. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईहून मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. विसाव्या खंडाचे काम २०१५ साली पूर्ण झाले. हा कोशही आता महाजालावर वाचता येतो. त्यातील नोंदीखाली लेखकाचे नाव असते, म्हणजे उत्तरदायी कोण हे कळते.

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचा मार्ग निराळा आहे. तेथे कोणीही लिहू शकतो व कोणीही दुरुस्ती करू शकतो. मात्र प्रत्येक बदल 'इतिहास' या पानावर टिकून राहतो आणि मतभेद 'चर्चा' या पानावर दिसतात. ही दोन पाने न उघडणाऱ्या वाचकाने नोंद अर्धीच वाचली असे समजावे. या कोशाचा मोठा दोष असा की, कसून तपासलेले विधान आणि ऐकीव विधान एकाच सुरात शेजारी शेजारी बसते. दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. कोशातील वाक्य वृत्तपत्रात जाते आणि तेच वृत्तपत्र पुढे कोशात आधार म्हणून येते. अनेक स्थविर बोलत आहेत असे भासते; वस्तुतः साक्षीदार एकच असतो.

आपल्याच परिसरातील उदाहरणे पाहू. बदलापूर म्हणजे घोडे बदलण्याचे ठिकाण, ही व्युत्पत्ती सर्वतोमुखी आहे. ती खोटी म्हणण्याची घाई करू नये; पण जुना लेख पुढे येईपर्यंत तिला 'लोकसमजूत' एवढेच म्हणावे. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखाचे वर्ष डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शके ७८२ असे वाचले होते. १८८२ साली सोपाऱ्याचा स्तूप उकरणाऱ्या पंडित भगवानलाल इंद्रजींनी तेच वर्ष शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असे निश्चित केले. दोनशे वर्षांची चूक दुरुस्त झाली ती मूळ दगडाकडे परत गेल्यामुळे. भाऊ दाजींसारख्या व्यासंगी विद्वानाचा हवालाही येथे पुरेसा ठरला नाही.

उल्हासनगरची गोष्ट याहून विचार करावयास लावणारी आहे. कल्याणची लष्करी छावणी, फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित, १९४९ सालचे नामकरण, हा इतिहास खरा आहे व तो नोंदीत असलाच पाहिजे. परंतु या पट्ट्यातील कारखान्यांत राबलेल्या, वस्त्या उभारून तेथे विहारे बांधलेल्या आपल्या माणसांचा इतिहास कोशात शोधू गेल्यास हाती काय लागेल? कोश छापील आधार मागतो. ही मागणी अन्याय्य नाही. आपला इतिहास वृद्धांच्या स्मरणात आणि वर्गणीच्या वह्यांत राहिला, ही आपली उणीव आहे.

हाच दंडक आपल्या श्रद्धेच्या विषयांनाही लागू होतो. बुद्ध विष्णूचा अवतार आहे असे पुराणांत म्हटले आहे, हे विधान कोशात चालेल. बुद्ध विष्णूचा अवतार होय, हे चालणार नाही. पहिले पुराणांविषयीचे वृत्त आहे, दुसरे पुराणांचेच मत कोशाच्या तोंडी घातलेले आहे. परंतु मग आपणही बाबासाहेबांविषयीच्या नोंदीत विशेषणांची आरास न मांडता वर्ष, ग्रंथ आणि पृष्ठ द्यावे. पाली शब्दकोशासाठी त्यांनी स्वतः श्रम केले. ते काम महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन व भाषणांच्या सोळाव्या खंडात १९९८ साली प्रसिद्ध केले. शब्दामागून शब्द तपासत जाण्याचे ते कष्ट हाच आपल्यापुढील आदर्श आहे.

प्रत्येक विहाराने आपल्या स्थापनेचे वर्ष, जागेचे कागद आणि वृद्धांच्या साक्षी तारखेसह छापून ग्रंथालयात ठेवाव्यात. कोशात आपण नाही अशी तक्रार करण्याचा अधिकार त्यानंतरच आपल्याला प्राप्त होईल.