टाळीविना मैफल

रेडिओवरचे गाणे म्हणजे डब्यातून आलेले जेवण, असे म्हणणारे रसिक आमच्या भागात पूर्वीही होते आणि आजही आहेत. त्यांचे म्हणणे असे, की गवई समोर बसलेला हवा, त्याने श्रोत्याच्या डोळ्यांत पाहून जागा घेतली पाहिजे, समेवर दहा माना एकदम हलल्या पाहिजेत. त्याखेरीज मैफल रंगत नाही. हे म्हणणे खोटे नाही, पण पुरतेही नाही. आकाशवाणीच्या संगीताच्या अखिल भारतीय कार्यक्रमातले गायन वर्षानुवर्षे ऐकल्यावर माझे असे मत झाले आहे, की काही गायकांचे अस्सल रूप टाळी नसलेल्या त्या बंद खोलीतच ऐकू आले. ते कोणाचे आले, कोणाचे आले नाही आणि का, एवढाच या लेखाचा विषय.

हा कार्यक्रम २० जुलै १९५२ रोजी सुरू झाला. डॉ. बा. वि. केसकर तेव्हा माहिती व नभोवाणी मंत्री होते. सिनेसंगीताला रेडिओवरून दूर सारण्याच्या त्यांच्या धोरणावर पुष्कळ टीका झाली व ती रास्तही होती. लोकांनी सरळ रेडिओ सिलोन लावला आणि अखेर १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली. परंतु त्याच केसकरांच्या काळात रागसंगीताला देशभर एकाच वेळी ऐकू जाणारी दीड तासाची सलग बैठक मिळाली, हेही नमूद केले पाहिजे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. त्या मानाने दीड तास म्हणजे गवयाला पाय पसरून बसायला मिळालेला वाडाच. १९५४ पासून आकाशवाणीचे संगीत संमेलनही सुरू झाले. त्यात निमंत्रित श्रोत्यांसमोर गाणे होई व ते पुढे प्रसारित केले जाई. म्हणजे एकाच संस्थेकडून दोन प्रकारची मैफल ऐकायला मिळे, एक श्रोत्यांसह आणि एक श्रोत्यांविना. आमच्यासारख्यांना तुलनेची ही आयतीच सोय होती.

मी हे गाणे मन लावून ऐकले ते १९८० नंतरच्या दहा-बारा वर्षांत. शनिवारी रात्री साडेनऊला सुरू होई, अकराला संपे. कधी हिंदुस्थानी गायक, कधी कर्नाटक पद्धतीचा, कधी वीणा, कधी सरोद. आमच्या सीमाभागाच्या दृष्टीने त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची होती. एरवी आमच्या घरांत रेडिओचा काटा हा तंट्याचा विषय असे. धारवाड ७६५ किलोहर्ट्झवर, सांगली १२५१ वर. बातम्या कोठल्या लावायच्या, नाटक कोठले ऐकायचे, यावरून घराघराचा कल कळे. शनिवारी रात्री मात्र काटा धारवाडवर ठेवा की सांगलीवर, गाणे एकच. निवेदन हिंदी-इंग्रजीत, ते आमच्यापैकी कोणाचेच नव्हते, म्हणून कोणाला टोचतही नसे. राग, ताल आणि साथीदारांची नावे सांगून निवेदक गप्प होई. मग तंबोरे.

वेळेचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. साडेनऊची बैठक म्हणजे रात्रीचे राग. तोडी, ललत, भटियार यांना या दरबारात जवळजवळ मज्जावच होता. ते सकाळच्या स्थानिक सभेत ऐकायचे. म्हणून ज्यांनी शनिवारची बैठकच ऐकली, त्यांच्या मनात या गायकांचे चित्र थोडे एकरंगी, कान्हडा आणि कंसांच्या बाजूला झुकलेले राहिले. ही या कार्यक्रमाची मर्यादा मानली पाहिजे.

माझ्या मते या बंद खोलीचे सर्वश्रेष्ठ गायक मल्लिकार्जुन मन्सूर. धारवाडजवळच्या मन्सूर गावात १९१० साली जन्म, निळकंठबुवांकडे तालीम, नंतर अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे जयपूर घराण्याची विद्या. त्यांचा बिहागडा माझ्या कायमचा लक्षात राहिला आहे. बिहागाच्या वळणाने जाता जाता कोमल निषाद येतो आणि रागाचा चेहराच बदलतो, तो हा राग. मन्सूर प्रस्तावनेत वेळ घालवत नसत. षड्ज लागला की लागलीच बंदिश. पहिल्या आवर्तनापासूनच राग पुरा उभा, आणि पुढे दर आवर्तनात त्याच वास्तूचे नवे दालन उघडायचे. एक आवर्तन संपून दुसरे सुरू होताना सांधा दिसत नसे. सभागृहात अशा वेळी ‘वाहवा’ येते. त्या ‘वाहवा’त पुढच्या आवर्तनाचे पहिले दोन स्वर बुडतात. स्टुडिओत ते बुडत नाहीत. गायकाने श्वास कोठे घेतला, सम गाठण्यापूर्वी लयीशी कसे कोडे घातले आणि ते कसे सहज सोडवले, सगळे स्वच्छ ऐकू येते. मन्सूरांचे गाणे मुळातच कोणाची दाद मागणारे नव्हते. त्यामुळे दाद नसल्याची उणीव त्यांच्या बाबतीत जाणवतच नाही.

आमच्या आळीत पोस्टात नोकरीला असलेले एक कानडी गृहस्थ होते. त्यांच्याकडे रेडिओ असूनही शनिवारी ते आमच्याकडे ऐकायला येत. त्या बिहागड्यानंतर ते माझ्या वडिलांना म्हणाले, “मास्तर, माणूस आमचा, पण गाणं कोल्हापूरचं की!” वडील म्हणाले, “मग सवाई गंधर्वांचं काय करायचं, राव? माणूस कुंदगोळचा आणि नाटकं मराठी.” दोघेही हसले. त्या काळात बाहेर भाषेवरून वातावरण तापलेले असे. दोघांची मते शेवटपर्यंत भिन्नच राहिली. पण हा वाद त्यांना सोडवावासा वाटला नाही, कारण गाणे ऐकल्यावर तो सुटण्यासारखा नाही हे दोघांनाही कळत होते.

गंगूबाई हनगल यांच्या बाबतीत रेडिओने वेगळेच काम केले. त्यांचा आवाज तरुणपणी पातळ व उंच होता. पुढे घशाच्या दुखण्यानंतर तो भारदस्त, जवळजवळ पुरुषी झाला. सभागृहात श्रोता प्रथम नऊवारीतल्या बाईंकडे पाहतो, मग तो आवाज ऐकतो, आणि त्याला आश्चर्य वाटते. ते आश्चर्य ओसरेपर्यंत निम्मा विलंबित ख्याल निघून जातो. रेडिओवर पाहण्यासारखे काही नसल्यामुळे आश्चर्यालाही जागा नव्हती. उरे तो नुसता स्वर. त्यांचा चंद्रकंस ऐकताना हे फार प्रकर्षाने जाणवले. मालकंसाचेच चलन, पण निषाद शुद्ध. तो निषाद षड्जाच्या इतका निकट असतो, की तेथे थांबणे म्हणजे उंबरठ्यावर उभे राहणे. कच्चा गायक घाईने आत शिरतो. गंगूबाई उभ्या राहत. किराणा घराण्याची स्वरनिष्ठा म्हणजे काय, हे पुस्तकातली चार पाने वाचून जेवढे कळत नाही, तेवढे त्या एका थांबण्यात कळते. मागून कन्या कृष्णाबाईंचा स्वर येई, आईपेक्षा कोवळा. दोघींच्या आवाजांतले हे अंतर रेडिओवरच नीट मोजता येई.

कुमार गंधर्वांविषयी मतभेद होतील, हे मी जाणून आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला हा मुलगा मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकला, क्षयाच्या आजारात १९४८ साली देवासला गेला आणि तेथलाच झाला. फुप्फुस निकामी झाल्यावर लांब दमाचे गाणे शक्य नव्हते. त्यातून त्यांची ती तुटक, उसळून येणारी आणि चटकन मिटणारी स्वरवाक्ये घडली. दोन वाक्यांमध्ये ते जी शांतता ठेवत, तिला गाण्यात किंमत होती. सभागृहात ती शांतता खोकल्याने, खुर्च्यांच्या आवाजाने भंगते. स्टुडिओत तेथे फक्त तंबोरे असत, आणि त्यांचे तंबोरे म्हणजे काय लावलेले तंबोरे! त्यांच्या नंदात ‘ग म ध प रे सा’ ही ओळखीची वाट येते. पण पंचमावरून उतरण्याआधी ते क्षणभर गप्प होत, आणि न गायलेला रिषभ आधीच ऐकू येई. आमच्या मध्यम लहरीच्या रेडिओवर त्या शांततेत खरखर शिरे, हा भाग वेगळा. तरीही मला वाटते, की कुमारांची शांतता रेडिओला जितकी कळली तितकी अनेक सभागृहांना कळली नाही.

आता उलट बाजू. भीमसेन जोशी यांच्यासारखा सामर्थ्यवान गायक त्या काळात दुसरा नव्हता. परंतु त्यांचे शनिवारच्या बैठकीतले गाणे मला संमेलनातल्या गाण्याच्या मानाने नेहमी एक पायरी खाली वाटले. आवाज तोच, दरबारी तोच, तानेची झेप तीच. पण भीमसेनांचे गाणे श्रोत्याला बरोबर घेऊन चढणारे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव ज्यांनी उभा केला आणि हजारो माणसांसमोर गाण्याची ज्यांना सवय होती, त्यांना बरोबर चढायला कोणी नसेल तर शिखरावर पोचूनही एकटेपणच येणार. संमेलनाच्या मुद्रणात तार षड्जानंतर उठणारी जी कुजबुज ऐकू येते, ती त्यांच्या गाण्याचाच भाग आहे. तेव्हा प्रारंभी सांगितलेल्या रसिकांचे म्हणणे भीमसेनांपुरते मला मान्य आहे.

साथीच्या बाबतीतही आकाशवाणीचा हिशेब आमच्या भागाला जाचक होता. १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला तेथे बंदी होती. श्रुती पेटीत बसत नाहीत, हा आक्षेप शास्त्राला धरून होता; पण नाटकाच्या पेटीवर ज्यांचे कान तयार झाले, आणि ज्या बेळगावात पं. रामभाऊ विजापुरे यांच्यासारखा वादक होता, त्या आमच्या गावांना हा निर्णय परकाच वाटला. त्या काळातली जुनी मुद्रणे आज ऐकताना पेटीच्या जागी सारंगी ऐकू येते. तिची गोडी निर्विवाद आहे, पण आपल्या घरच्या मैफलीचा तो आवाज नव्हे.

आणि तरीही रेडिओपासून दूर राहण्याची किंमत काय पडते, हे पाहायचे तर गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांकडे पाहावे. अल्लादिया खाँसाहेबांच्या या थोर शिष्येने रेडिओला जवळ केले नाही. त्यामागे त्यांचा मान होता आणि तो त्यांना शोभणाराही होता. पण आज त्यांचे गाणे आपल्या हाती बहुतांशी तबकड्यांच्या तीन-तीन मिनिटांत उरले आहे. त्यांतली एक भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानातून अंतराळात गेली. आपल्याला मात्र त्यांचा दीड तासाचा सलग राग ऐकायला मिळणे दुर्मीळ. त्यांच्याच घराण्याचे मन्सूर आज आपल्याला पूर्ण विस्ताराने ऐकता येतात, यात त्या बंद खोलीचा वाटा मोठा आहे.

कुमार गंधर्व १२ जानेवारी १९९२ रोजी गेले आणि मन्सूर त्याच वर्षी १२ सप्टेंबरला. गंगूबाई २००९ मध्ये, भीमसेन २०११ मध्ये. आकाशवाणीने आपल्या संग्रहातले काही गायन पुढे सीडींच्या रूपाने प्रसिद्ध केले. पण जे प्रसारित झाले त्या मानाने ते थोडे. पूर्वी टेप महाग असे, आणि एकीवरचे पुसून दुसरे मुद्रित करणे ही जगभरच्या नभोवाणी केंद्रांची रीत होती. बाकीचे कोठे असेल? माझ्या अंदाजाने, तुमच्या-आमच्या घरांत. १९८० च्या दशकात टू-इन-वन आल्यावर कित्येकांनी शनिवारची बैठक कॅसेटवर उतरवून घेतली. वर पेनाने रागाचे नाव, कधी मराठीत, कधी कानडीत. दिवाळीच्या आवराआवरीत अशा कॅसेट जुन्या वायरींबरोबर भंगारवाल्याकडे जातात, हे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे.

एवढीच विनंती, की या वर्षी तसे करू नका. फीत चिकटली असेल तर ओढू नका, जाणकाराकडे न्या. आज मोबाइलवर उतरवून घेणारी मुले आपल्या शाळांतूनच मिळतील. आमच्या शाळेच्या दहावीच्या दोन विद्यार्थ्यांनी गेल्या उन्हाळ्यात अशा अकरा कॅसेट उतरवून दिल्या. त्यांत एक नंद आहे. मधे दोन मिनिटे कोणाच्या तरी घरातला कुकर वाजतो आहे. मुले तो भाग काढून टाकू का म्हणून विचारत होती. मी म्हटले, राहू द्या.