लपायला जागा नसलेलं नाट्यगृह

आम्हा नाहूरकरांचं नाटक म्हणजे पुढच्याच स्टेशनावरचं मुलुंडचं कालिदास. तिसरी घंटा, दिवे मालवणं, मग पडदा. प्रेक्षक अंधारात, नट उजेडात. लंडनच्या ग्लोबमध्ये, शेक्सपिअरच्या नाट्यगृहात, यातलं काहीच नाही, आणि तिथली नाटकं खुलतात ती त्यामुळेच.

त्याचा जन्मही नाट्यमय. जेम्स बर्बेजनं १५७६ मध्ये उभारलेल्या ‘द थिएटर’च्या जमिनीचा भाडेपट्टा संपला आणि मालक अडून बसला. १५९८च्या डिसेंबरात बर्बेजच्या मुलांनी पीटर स्ट्रीट या सुताराला हाताशी धरून सगळं लाकूड उतरवलं. तेच थेम्सपलीकडे नेऊन १५९९ मध्ये ग्लोब उभं राहिलं. १६१३ मध्ये प्रयोगात उडवलेल्या तोफेनं छपराचं गवत पेटलं आणि ते जळून गेलं. आज दिसतं ते सॅम वॉनामेकर यांच्या ध्यासातून १९९७ मध्ये खुलं झालेलं.

भोवती तीन मजली सज्जे, मधलं अंगण उघडं. रंगमंच थेट त्या अंगणात घुसलेला, तिन्ही बाजूंना माणसं. एक पेनी देणारे उभ्यानं बघायचे, पाऊस आला तर भिजायचे. प्रयोग दुपारचे, त्यामुळे मॅकबेथची काळरात्रसुद्धा लख्ख उन्हात, केवळ शब्दांनी उभी करायची!

‘ट्वेल्फ्थ नाइट’मधली अंगठी घ्या. पुरुषवेषातल्या व्हायोलापुढे ऑलिव्हियाचा कारभारी मालव्होलिओ ती टाकून जातो. आपण दिलीच नव्हती, मग ही परत कशी आली? ऑलिव्हिया आपल्या सोंगावरच भाळली, हे तिला उमगत जातं. बंद नाट्यगृहात नटी हे मनाशी बोलते. इथे मंचाच्या कडेला कोपरं टेकून उभी असलेली माणसं तिला दिसत असतात. ती स्त्री आहे हे त्यांना आधीच ठाऊक आहे. मग ती त्यांनाच विचारते, त्यांच्या चेहऱ्यांवर उत्तर शोधते. वास्तूनंच तिला इतके सखेसोबती दिले आहेत.

२०१२ मध्ये मुंबईच्या अतुल कुमार यांनी याच नाटकाचं हिंदी रूप, ‘पिया बहरूपिया’, ग्लोबवर नेलं. व्हायोला होत्या गीतांजली कुलकर्णी. नटमंडळी मागे बसून गातात, पाळी आली की उठून पुढे येतात. विंगेत जाणं नाही. हे मला फार मोलाचं वाटतं. तमाशातला सोंगाड्या प्रेक्षकाच्या डोळ्यांत बघून बोलतो, तोही त्याच विश्वासावर: समोरच्याला सोंग कळलेलं आहे, तरी तो त्यात रमणार आहे.