इव्होल्यूशन आणि काउचडीबी : डेस्कटॉप ॲप्लिकेशन व दस्तऐवज-डेटाबेस यांच्या जोडणीची चिकित्सा

प्रास्ताविक

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प-अहवाल चाळताना 'ॲप्लिकेशन डेटाबेसला यशस्वीरीत्या जोडले' हे विधान बहुधा अखेरच्या प्रकरणात आढळते आणि विषय तेथेच संपला असे मानले जाते. पडद्यावर भरलेली नोंद डेटाबेसमध्ये उमटली, तेथून ती पुन्हा पडद्यावर आली, की विद्यार्थी व परीक्षक दोघेही समाधान पावतात. जोडणीचे खरे प्रश्न मात्र त्यानंतरच सुरू होतात. प्रस्तुत लेखात अशा एका प्रत्यक्ष जोडणीची चिकित्सा करावयाची आहे. ती म्हणजे उबुंटू या लिनक्स प्रणालीतील 'इव्होल्यूशन' हे टपाल व पत्तेवहीचे ॲप्लिकेशन आणि 'काउचडीबी' हा दस्तऐवज-डेटाबेस यांची प्लगइनद्वारे झालेली जोडणी. ऑक्टोबर 2009 मध्ये आलेल्या उबुंटू 9.10 या आवृत्तीत ही व्यवस्था सर्वसामान्य वापरकर्त्याच्या हाती आली आणि नोव्हेंबर 2011 मध्ये कॅनॉनिकल कंपनीने काउचडीबीचा आधार सोडत असल्याचे जाहीर केले. हा प्रयोग दोन वर्षांत का आटोपला, याचे उत्तर सामान्यतः 'डेटाबेस भार पेलू शकला नाही' असे दिले जाते. ते खरे आहे, परंतु अपुरे आहे.

जोडणीची रचना

काउचडीबीचे काम डेमियन काट्झ यांनी 2005 मध्ये सुरू केले. त्यापूर्वी ते लोटस नोट्सवर काम करीत होते व त्या संस्काराच्या खुणा नव्या डेटाबेसमध्ये स्पष्ट दिसतात. येथे पूर्वनिश्चित स्तंभांचे कोष्टक नाही. प्रत्येक नोंद म्हणजे जेसन स्वरूपातील एक स्वतंत्र दस्तऐवज असतो आणि त्यात कोणती क्षेत्रे असावीत याचे बंधन डेटाबेस घालीत नाही. व्यवहार एचटीटीपीवरून चालतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एकाच माहितीच्या अनेक प्रती निरनिराळ्या यंत्रांवर स्वतंत्रपणे बदलत राहतील व सवडीने एकमेकींशी जुळवून घेतील, हे या रचनेत अपवाद म्हणून नव्हे, तर नित्याची स्थिती म्हणून गृहीत धरलेले आहे.

कॅनॉनिकलने यावर 'डेस्कटॉपकाउच' ही व्यवस्था उभारली. प्रत्येक वापरकर्त्यासाठी त्याच्याच संगणकावर काउचडीबीची एक खासगी प्रत चालत असे. ती नेहमीच्या 5984 या पोर्टवर न चालता मिळेल त्या मोकळ्या पोर्टवर चाले. ॲप्लिकेशनने तो क्रमांक डी-बसमार्फत विचारून घ्यावा आणि ओऑथच्या ओळखपत्रासह प्रवेश करावा, अशी योजना होती. ही प्रत पुढे 'उबुंटू वन' या सेवेतील प्रतीशी जुळवली जाई. इव्होल्यूशनच्या बाजूने प्लगइन पत्तेवहीसाठी एक नवा साठा उपलब्ध करून देई. फायरफॉक्सच्या वाचनखुणांसाठी 'बाइंडवुड' नावाचे असेच एक विस्तारक होते. रचना म्हणून ही मांडणी देखणी होती, यात शंका नाही. माहिती वापरकर्त्याच्या घरी, जालावरील सेवा केवळ तिची दुसरी प्रत, आणि कोणत्याही ॲप्लिकेशनला तीच माहिती वाचता यावी, हा तिचा आशय होता. आज मेघसंगणनाच्या नावाने जे चालते, त्यात घरची प्रत बहुधा नसतेच.

अर्थाचे ओझे

दस्तऐवज-डेटाबेसला 'मुक्त' म्हणण्याची प्रथा आहे. या मुक्ततेची किंमत कोण मोजतो, हे मात्र फारसे तपासले जात नाही. इव्होल्यूशन आपल्या अंतर्भागात पत्त्याची नोंद व्हीकार्डच्या साच्यात ठेवते. काउचडीबीला तो साचा ठाऊक नाही. म्हणून व्हीकार्डचे जेसनमध्ये व जेसनचे व्हीकार्डमध्ये रूपांतर करण्याचे काम प्लगइनकडे आले. कोष्टकाधिष्ठित डेटाबेसमध्ये क्षेत्राचा अर्थ निदान काही प्रमाणात कोष्टकाच्या व्याख्येत नोंदलेला असतो; येथे तो प्लगइनच्या लेखनात आणि संकेतपत्रात राहिला. डेस्कटॉपकाउचच्या रचनाकारांना याची जाणीव होती. प्रत्येक दस्तऐवजात त्याचा प्रकार सांगणारे एक क्षेत्र असावे, सामायिक माहिती वरच्या स्तरावर राहावी आणि एखाद्या ॲप्लिकेशनपुरती खासगी माहिती वेगळ्या कप्प्यात ठेवावी, असे संकेत त्यांनी ठरविले होते.

संकेत व नियम यांतील अंतर एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. मराठी माणसाच्या नावात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन घटक असतात. इव्होल्यूशनच्या अर्जात मधल्या नावाला जागा आहे व दस्तऐवजातही त्याला आडकाठी नाही. आता तोच दस्तऐवज केवळ नाव व आडनाव जाणणाऱ्या दुसऱ्या ॲप्लिकेशनने उघडला, दूरध्वनी क्रमांक बदलला आणि दस्तऐवज परत लिहिला, तर मधल्या नावाचे काय होईल? आपल्याला न कळलेली क्षेत्रे जशीच्या तशी परत ठेवण्याची शिस्त त्या ॲप्लिकेशनने पाळली, तर ते नाव टिकेल. अन्यथा नव्या आवृत्तीतून ते नाहीसे होईल आणि डेटाबेस कोणतीही तक्रार करणार नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही दस्तऐवज सारखेच वैध आहेत. बंधन नसणे म्हणजे येथे पहारेकरी नसणे, इतकाच अर्थ उरतो.

दोन प्रतींचा प्रश्न

जोडणीतील सर्वांत अवघड भाग संघर्षाचा आहे व प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रयोगाचे मर्म तेथेच आहे. काउचडीबीतील प्रत्येक दस्तऐवजाला आवृत्तिक्रमांक असतो. एकाच प्रतीवर जुन्या क्रमांकाच्या आधारे बदल पाठविल्यास डेटाबेस तो नाकारतो. परंतु दोन यंत्रांवर, परस्परांना न कळता, एकाच दस्तऐवजात बदल झाले आणि मग प्रती जुळवल्या गेल्या, तर नाकारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. अशा वेळी डेटाबेस दोन्ही आवृत्त्या जपतो आणि त्यांतील एक 'विजयी' ठरवतो. ही निवड ज्याचा बदल-इतिहास लांब त्याची, आणि इतिहास समान असल्यास आवृत्तिक्रमांकांच्या वर्णक्रमावरून होते. प्रत्येक यंत्र कोणालाही न विचारता त्याच निर्णयाप्रत येते, हा या पद्धतीचा गुण आहे. मात्र कोणता बदल खरा किंवा अलीकडचा, याच्याशी या निवडीचा काहीही संबंध नाही. पराभूत आवृत्ती नष्ट होत नाही. ती मागितल्यास मिळते.

परंतु मागणार कोण? पत्तेवहीच्या खिडकीत एका व्यक्तीची एकच नोंद दिसते. 'या नोंदीच्या दोन आवृत्त्या आहेत, कोणती ठेवावी?' असे विचारण्याची जागाच तिच्यात नव्हती, कारण इव्होल्यूशनची पत्तेवही एका वेळी एकच सत्य असते या गृहीतकावर उभी होती. डेटाबेसचे गृहीतक नेमके उलटे होते. दोन्ही प्रणाली आपापल्या ठिकाणी प्रामाणिक होत्या आणि त्यांच्यातील विसंगती मिटविण्याचे काम एका लहानशा प्लगइनवर पडले. पराभूत आवृत्ती डेटाबेसने कितीही निष्ठेने जपली, तरी ती ज्याला कधीच दिसणार नाही त्या वापरकर्त्याच्या लेखी ती गेलीच.

रचनाकारांनी यावर अर्धी वाट चालून पाहिली होती. दूरध्वनी क्रमांक, पत्ते यांसारख्या याद्या साध्या क्रमवारीने न ठेवता प्रत्येक घटकाला एक अद्वितीय ओळखचिन्ह द्यावे, म्हणजे एका यंत्रावर वाढविलेला क्रमांक व दुसऱ्या यंत्रावर वाढविलेला क्रमांक पुढे एकत्र करता येतील, अशी ही विलीनक्षम यादीची कल्पना होती. कल्पना उत्तम आहे. तथापि काउचडीबी क्षेत्रानुसार विलीनीकरण करीत नाही. त्याचा संघर्ष संपूर्ण दस्तऐवजाच्या पातळीवर असतो. यादीच्या या मांडणीने विलीनीकरण शक्य झाले, परंतु ते करणारा कार्यक्रम कोणी तरी लिहावाच लागतो, आणि प्रत्येक ॲप्लिकेशनच्या प्लगइनने तो आपापल्या समजुतीने लिहिला तर सामायिक डेटाबेसचे प्रयोजनच उरत नाही.

भार आणि माघार

कॅनॉनिकलने माघार घेताना दिलेले कारण दुहेरी होते. लक्षावधी वापरकर्त्यांचे व त्यांच्या डेटाबेसांचे ओझे सर्व्हरवर पेलवेना आणि लहान संगणकावर तीच प्रणाली हलकी करता येईना. दुसरा भाग अधिक बोलका आहे. काउचडीबी जुनी आवृत्ती न खोडता धारिकेच्या शेवटी भर घालीत जाते. यामुळे अचानक वीज गेली तरी आधीची माहिती सुरक्षित राहते, पण वेळोवेळी संक्षेपण न केल्यास धारिका फुगत जाते. काही शे पत्त्यांसाठी एर्लंगमध्ये लिहिलेला संपूर्ण सर्व्हर प्रत्येक वापरकर्त्याच्या यंत्रावर चालविणे, हे पाण्याच्या तांब्यासाठी विहीर खणण्यासारखे होते. पुढे आणलेल्या 'यूवनडीबी'मध्ये दस्तऐवजाची कल्पना कायम राहिली, परंतु खालचा साठा एसक्यूलाइटचा झाला, हे पुरेसे सूचक आहे. म्हणजे नाकारले गेले ते डेटाबेसचे वजन. दस्तऐवजाचे तत्त्व नव्हे. मात्र अर्थाचा व संघर्षाचा प्रश्न साठा बदलून सुटणारा नव्हता.

याच सुमारास, ऑक्टोबर 2011 च्या उबुंटू 11.10 मध्ये, इव्होल्यूशनची जागा थंडरबर्डने घेतली. एका विशिष्ट ॲप्लिकेशनच्या अंतर्रचनेला बांधलेला प्लगइन त्या ॲप्लिकेशनबरोबरच मागे पडतो. नव्या ॲप्लिकेशनसाठी रूपांतराचा सारा खटाटोप नव्याने करावा लागतो.

प्रकल्पांच्या परीक्षकांनी म्हणूनच जोडणी चालते का, एवढे विचारून थांबू नये. अनोळखी क्षेत्र प्लगइन परत ठेवतो का, दोन यंत्रांवर एकच नोंद बदलून जुळवली असता पडद्यावर काय दिसते, आणि प्लगइन काढून टाकल्यावर माहिती कोणाला वाचता येते, या तीन चाचण्यांसाठी प्रयोगशाळेत दोन संगणक व एक तासिका पुरते.

तिसऱ्या चाचणीत प्रस्तुत जोडणी तुलनेने बरी उतरते. उबुंटू वनची धारिका-सेवा 1 जून 2014 रोजी बंद झाली व साठविलेल्या धारिका उतरवून घेण्याची मुदत 31 जुलै 2014 रोजी संपली. डेस्कटॉपकाउचमधील पत्ते मात्र वापरकर्त्याच्या स्वतःच्या निर्देशिकेतही होते. ज्याने ती निर्देशिका जपली, त्याला त्या काळच्या काउचडीबीच्या प्रतीत ती धारिका ठेवून साध्या ब्राउझरमध्ये नावे व क्रमांक वाचता येतात. पराभूत आवृत्त्या संक्षेपणानंतरही तेथेच असतात आणि मागितल्यास त्याही वाचता येतात.