प्रकरण, अर्थ आणि पोथी

मोर्शी तालुक्यांतील रिद्धपूर हें गांव महानुभावांची काशी म्हणून प्रसिद्ध आहे. श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथगमनानंतर नागदेवाचार्यादि मंडळी येथेंच श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेस राहिली, आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत म्हाइंभटांनीं स्वामींच्या लीळांचें संकलन येथेंच केलें. या पोथ्यांची भाषा, लिपि व कालनिर्णय यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. प्रस्तुत लेखाचा विषय निराळा आहे. वाङ्मयकृतीचा, किंबहुना कोणत्याही कलाकृतीचा, अर्थ कशाच्या आधारें लावावयाचा, या प्रश्नावर तत्त्वज्ञांत मोठा वाद आहे. त्या वादांतील पक्षांची तुलना रिद्धपूरच्या परंपरेंतील ग्रंथांवर करून पाहिली असतां काय निष्पन्न होतें, तें येथें मांडावयाचें आहे. हस्तलिखितें जमविणारांस हा वाद दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु पोथींतील काय राखावें व काय गाळावें, याचा निर्णय आपण नकळत याच वादांतील एखाद्या पक्षाच्या आधारें करीत असतों.

पक्ष मुख्यतः तीन आहेत. पहिला पक्ष अभिप्रायवाद्यांचा. नैयायिकांच्या मतें तात्पर्य म्हणजे वक्त्याची इच्छा. ‘सैंधव आण’ असें कोणी म्हटलें तर मीठ आणावें कीं घोडा, हें बोलणाराच्या मनांतील इच्छेवरून ठरतें. पाश्चात्यांत हर्श यांनीं १९६७ सालच्या आपल्या ग्रंथांत हाच पक्ष हिरीरीनें मांडला. कर्त्यास अभिप्रेत असलेला अर्थ स्थिर असतो. काळपरत्वें बदलतें तें त्या अर्थाचें वाचकाशीं असलेलें नातें, असा भेद त्यांनीं केला.

दुसरा पक्ष वाक्यालाच प्रमाण मानणारांचा. मीमांसकांच्या मतें वेद अपौरुषेय. तेव्हां कर्त्याच्या इच्छेचा प्रश्नच उद्भवत नाहीं. उपक्रम व उपसंहार यांची एकवाक्यता, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ति या खुणांवरून ग्रंथाचें तात्पर्य ग्रंथांतूनच काढावें लागतें. विम्सॅट व बिअर्डस्ली या अमेरिकन समीक्षकद्वयानें १९४६ सालीं असें प्रतिपादिलें कीं, कवीचा हेतु हा काव्याच्या परीक्षणाचा निकष होऊं शकत नाहीं. त्यांची वाट निराळी, पण मुक्काम मीमांसकांच्या शेजारचाच आहे.

तिसरा पक्ष सहृदयाचा. आनंदवर्धनानें व्यंग्यार्थास काव्याचा आत्मा मानिलें आणि त्या अर्थाची प्रतीति केवळ शब्दकोश व व्याकरण जाणणारास होत नाहीं, असें सांगितलें. ‘सूर्य मावळला’ या एकाच वाक्यानें गुराख्यास गुरें परत नेण्याची, कर्मनिष्ठास संध्येची व अभिसारिकेस संकेताची आठवण होते. गाडामर यांनीं १९६० सालीं जर्मन भाषेंत लिहिलेल्या ग्रंथांत प्राचीन कृतीचें आकलन म्हणजे तिच्या व वाचकाच्या काळांचा संगम होय, असें दाखविलें. बार्त यांनीं १९६७ सालीं ग्रंथकार मृत झाल्याचें जाहीर करून वाचकास राज्याभिषेक केला.

आतां दृष्टांतपाठ घ्यावा. केसोबासांनीं सिद्ध केलेल्या या ग्रंथांत ११४ दृष्टांत आहेत. प्रत्येकाची रचना त्रिविध असते : आधीं सूत्र, मग दृष्टांत, शेवटीं दार्ष्टांतिक. सूत्र व दृष्टांत हीं स्वामींचीं वचनें. दार्ष्टांतिक म्हणजे केसोबासांनीं लाविलेला अर्थ. कर्त्याची उक्ति आणि भाष्यकाराचा अर्थ अशा प्रकारें एकाच पानावर राहूनही वेगवेगळीं राखलीं गेलीं, ही गोष्ट लहान नव्हे.

त्यांतील हत्ती व जन्मांध यांचा दृष्टांत सर्वश्रुत आहे. हीच कथा पालि उदानांतही आहे. तेथें ती परस्परांशीं भांडणाऱ्या परमतवाद्यांस उद्देशून आहे. जैन ग्रंथकारांनीं तीच अनेकान्ताच्या समर्थनार्थ योजिली. चक्रधरस्वामींच्या जवळपास समकालीन असलेल्या जलालुद्दीन रूमी यांच्या मसनवींत ती आहे, पण तेथें माणसें आंधळीं नाहींत. घर अंधारें आहे आणि हातांत दिवा नाहीं, एवढाच दोष. दृष्टांतपाठांत तिचा अर्थ असा कीं, ईश्वराचा एकेक अंश जाणणारे तेवढ्यालाच संपूर्ण ईश्वर समजतात.

येथें तिन्ही पक्षांची कसोटी लागते. केवळ वाक्यास धरून बसल्यास चारही ठिकाणचा हत्ती जवळजवळ एकच. मग अर्थ चार कां? केवळ वाचकास प्रमाण मानिलें तर आजचा वाचक सहज म्हणेल कीं, सर्व मतें सारखींच खरीं, हाच या कथेचा बोध. हा बोध उदात्त असेल. परंतु दृष्टांतपाठाचा तो नव्हे. तेथें अंशाचें ज्ञान अपुरें ठरविलें आहे, सर्व स्पर्श सारखे मानिलेले नाहींत. दार्ष्टांतिक गाळून नुसती गोष्ट छापिली, तर हा विपर्यास वाचकाच्या लक्षांतही येणार नाहीं. आणि केवळ कर्त्याच्या अभिप्रायावर भिस्त ठेवावी, तर तो अभिप्राय आपणांस केसोबासांच्या द्वारेंच कळतो. दार्ष्टांतिक हें स्वामींचें मन कीं शिष्याची समजूत, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

मग निर्णय कशानें करावा? तिन्ही पक्षांच्या ग्रंथांत एक साक्षीदार समान आहे, आणि तो म्हणजे प्रकरण. ‘सैंधव’ म्हणजे मीठ हें नैयायिक ठरवितो तें भोजनाचा प्रसंग पाहून. बोलणाराचें मन त्यानें उघडून पाहिलेलें नसतें. मीमांसकांच्या श्रुति, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान व समाख्या या सहा विनियोगप्रमाणांत प्रकरण आहेच. मम्मटानें व्यंग्यार्थाचीं निमित्तें सांगतांना वक्ता व श्रोता यांच्याबरोबर प्रस्ताव, देश व काल यांचीही गणना केली आहे. म्हणजे इच्छा, वाक्य आणि सहृदय हे तिघे एकमेकांशीं भांडत असले, तरी साक्ष काढावयास एकाच दारीं जातात.

रिद्धपूरच्या परंपरेनें ही गोष्ट अनुभवानें ओळखली होती. लीळाचरित्रांतील वचनें वेचून सूत्रपाठ तयार झाला. पाठांतरास तें सोयीचें झालें, परंतु प्रत्येक वचन आपल्या प्रसंगापासून तुटलें. तेव्हां कोणतें सूत्र कोणत्या प्रसंगीं, कोणास उद्देशून निघालें, हें सांगणारा ‘प्रकरणवश’ पुढें रचावा लागला. जें आधीं सोयीसाठीं कापलें, तें अर्थासाठीं पुन्हां जोडावें लागलें. श्रोत्याचा अधिकारही या मंडळींनीं दृष्टीआड केला नाहीं. केसोबास संस्कृतांत रचना करूं लागले तेव्हां नागदेवाचार्यांनीं त्यांस निवारिलें, कारण त्यामुळें आपल्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, अशी स्मृतिस्थळांतील आठवण आहे. भास्करभट्टांचा शिशुपालवध संप्रदायांतील वडीलधाऱ्यांनीं वाखाणिला, पण तो निवृत्तांच्या उपयोगाचा नाहीं असें म्हटलें, आणि म्हणून कवीनें उद्धवगीता रचिली, अशी परंपरा आहे. काव्य तेंच, वाचणारा पालटतांच त्याची योग्यता निराळी ठरली.

यावर एक बळकट आक्षेप येतो. प्रकरण तरी निर्विवाद आहे काय? तेंही आठवणींतून आलेलें. लीळाचरित्राची मूळ प्रत धाडींत नष्ट झाली व नंतरच्या पिढीनें तें स्मरणानें पुन्हां सिद्ध केलें, असें संप्रदायच सांगतो. अर्थात् प्रसंगाची नोंद हाही एक अर्थच होय. हा आक्षेप खरा आहे आणि त्याचें पूर्ण निरसन होत नाहीं. परंतु त्यास पोथ्यांनींच दिलेलें उत्तर कोणत्याही सिद्धान्तापेक्षां मला अधिक प्रामाणिक वाटतें. जेथें आठवणी भिन्न पडल्या, तेथें ‘शोध’ व ‘वासना’ अशा संज्ञा देऊन त्या शेजारीं शेजारीं लिहून ठेविल्या, आणि कोठें कोठें कोणाची वासना हेंही नांवानिशीं सांगितलें. खरें कोणतें तें ठरत नसेल तर साक्षीदारांचीं नांवें तरी बुडूं देऊं नयेत, असा हा विवेक आहे.

यावरून संग्राहकांचें व संपादकांचें कर्तव्य स्पष्ट होतें. अभिप्रायवादी संपादक एकच शुद्ध पाठ शोधीत वासना तळटीपेंत लोटतो. वाक्यवादी समासांतील टिपणें व पुष्पिका ग्रंथाबाहेरचीं मानतो. वाचकवादी सर्व पाठांस सारखेंच मोल देऊन निर्णयाचा भारच टाकून देतो. यांपैकीं कोणताही पक्ष स्वीकारण्यास प्रत्यवाय नाहीं. मात्र पोथीचे थर त्यापूर्वीं वेगळे नोंदले गेले पाहिजेत : वचन कोणाचें, प्रसंग कोणता, अर्थ कोणीं लाविला, आणि नक्कल करणारानें आपल्या पदरचें काय घातलें. महानुभावांच्या सांकेतिक लिपीची उकल विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाड्यांनीं केली, तोंपर्यंत शतकानुशतकें बाहेरच्या वाचकास या ग्रंथांचें दार बंद होतें. तरी ग्रंथ राहिले, म्हणून आज वाद तरी करतां येतो.

वऱ्हाडांतील ज्या घरीं अद्यापि जुने बस्ते आहेत, तेथें सुटें पान, समासांतील ओळ किंवा दुसऱ्या हातानें लिहिलेली वासना निरुपयोगी समजून टाकून दिली जाऊं नये, एवढीच विनंति आहे. अर्थ चुकीचा लाविला तर पुढचा अभ्यासक तो सुधारूं शकेल. पण ज्या ओळीनें तो सुधारावयाचा, तिच्यावर आपणच हरताळ फासली, तर आंधळ्यांच्या हातांखालून हत्तीच निघून जाईल.