‘कलम’ : हस्ताक्षराचा भास आणि त्याची मर्यादा

‘कलम’ ह्या नावाचे देवनागरी मुद्राक्षर इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ साली प्रसृत केले. मूळ रेखाटन लिपी रावल यांचे. त्यात सूक्ष्म आणि ठसठशीत अशा दोन जातींची भर जॉनी पिनहॉर्न यांनी घातली. त्यांपैकी सूक्ष्म जातीचा विचार येथे अभिप्रेत आहे. कारण हाताने लिहिल्याचा भास तीच सर्वांत नाजूकपणे निर्माण करते, आणि तिचा गैरवापरही तितक्याच सहज होतो.

प्रथम नावाविषयी. कलम म्हटले की तिरकस छाटलेला बोरू आठवतो. बोरूच्या अक्षरात रेषा दिशेप्रमाणे जाड-बारीक होते, आणि बालबोध वळणाचे सारे सौष्ठव त्या चढउतारावर उभे असते. ह्या मुद्राक्षरात तो जवळजवळ नाही. ही रेषा बॉलपेनची अथवा फेल्टपेनची आहे. पोथी उतरवणाऱ्याची नव्हे, तर चिठ्ठी लिहिणाऱ्याची आहे. अक्षरे उजवीकडे स्पष्ट झुकलेली आहेत. काही अक्षरांच्या गाठी उघड्या आहेत, काहींच्या मिटलेल्या. ही विसंगती दोष नव्हे. चालत्या हाताकडून असेच घडते, आणि रेखाटनकर्तीची सूक्ष्म दृष्टी येथेच प्रत्ययास येते. प्रत्येक जातीत १,०२५ आकृती असून त्यांत जोडाक्षरांचा भरणा मोठा आहे, हेही नमूद केले पाहिजे.

तथापि हाताचा एक गुण आकृतींच्या संख्येने साधत नाही. माणूस एकच ‘क’ दोनदा सारखा लिहीत नाही. मुद्राक्षर तोच ‘क’ शंभरदा देते. चार ओळींत हे ध्यानात येत नाही. पानभर मजकुरात आल्यावाचून राहत नाही. शिवाय ‘सर्वांनी’सारख्या शब्दात रफार, अनुस्वार आणि वेलांटी शिरोरेषेवर दाटीने येतात, बारीक आकारात, हलक्या कागदावर, ही सडपातळ रेषा त्या गर्दीत टिकत नाही. निमंत्रणपत्रिकेतील आग्रहाची ओळ, व्यंगचित्रातील संवाद, नकाशावरील टीप हे तिचे खरे क्षेत्र होय.

मुख्य आक्षेप मात्र वेगळाच आहे. जुन्या पत्रांचे अथवा बाडांचे लिप्यंतर छापताना ‘हस्तलिखिताचे वातावरण’ यावे म्हणून असे अक्षर योजण्याचा मोह संपादकाला होऊ शकतो. तो घातक आहे. मूळ लेखकाचा हात, त्याचे खोडलेले शब्द, ओळीच्या अखेरीस दाटलेली अक्षरे हा पुरावा असतो. त्याच्या जागी आजच्या एका रेखाटनकर्तीचा सुबक हात बसवला, तर वाचकाला पुरावा पाहिल्याचे खोटे समाधान मिळते. मोडी कागदाच्या बाबतीत तर लिपीच बदललेली असते. लिप्यंतराला स्थिर, उभे मुद्राक्षर द्यावे आणि शेजारी मूळ पानाचे छायाचित्र छापावे. ‘कलम’ला जागा द्यावयाचीच असेल, तर ती समासातील संपादकाच्या स्वतःच्या शेऱ्यांना द्यावी, तेथे आजचा हात आजचा म्हणूनच दिसतो.