खर्जाचे कर्तृत्व : जेम्स जेमरसन (१९३६–१९८३)

ज्या कलाकृतीवर कर्त्याचे नाव नाही तिच्याविषयी बोलताना समीक्षक बहुधा दोनपैकी एक मार्ग पत्करतो. एक तर तो ती कृती परंपरेच्या खाती जमा करतो, किंवा जे नाव वेष्टनावर छापलेले असेल त्यालाच सर्व श्रेय देऊन मोकळा होतो. ओव्या आणि लोकगीते यांच्या बाबतीत पहिला मार्ग आपल्या अंगवळणी पडला आहे. ध्वनिमुद्रित संगीताच्या बाबतीत दुसरा. हे दोन्ही मार्ग किती अपुरे आहेत हे ज्याच्या उदाहरणावरून लख्ख दिसते, तो अमेरिकन बेस गिटारवादक जेम्स जेमरसन २ ऑगस्ट १९८३ रोजी लॉस एंजेलिस येथे, वयाच्या ४७ व्या वर्षी निवर्तला. त्याचे स्मरण येथे करावयाचे ते केवळ आदरापोटी नव्हे. त्याच्या वादनाने कर्तृत्वाच्या कल्पनेपुढे जो प्रश्न उभा केला, तो आपल्या अभ्यासविषयाचाही प्रश्न आहे.

जेमरसनचा जन्म साउथ कॅरोलायना राज्यातील एडिस्टो बेटावर झाला. भाषाभ्यासकांस हा किनारा तेथील गल्ला बोलीमुळे परिचित आहे. पुष्कळ काळ निव्वळ भ्रष्ट इंग्रजी म्हणून हिणविल्या गेलेल्या या बोलीतील आफ्रिकी अंश लोरेन्झो टर्नर यांनी १९४९ साली आपल्या ग्रंथात साधार दाखविले. एवढ्यावरून जेमरसनच्या वादनात आफ्रिकी अवशेष शोधण्याचा मोह मात्र आवरलेला बरा; त्यास पुरावा हवा. निश्चित आहे ते इतकेच की १९५४ साली तो डेट्रॉइटला आला, तेथे शाळेत डबल बेस शिकला, आणि बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये स्थापन केलेल्या मोटाउन या ध्वनिमुद्रिका-संस्थेत वादक म्हणून स्थिरावला. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील एका साध्या घरात या संस्थेचे ध्वनिमुद्रणगृह होते. तेथील वादकवर्ग पुढे 'फंक ब्रदर्स' या नावाने ओळखला गेला.

त्याच्या कामगिरीचे मोल जाणून घेण्यापूर्वी एका भेदाकडे लक्ष द्यावयास हवे. आपल्या संगीतात खर्ज म्हटला की तंबोरा डोळ्यांपुढे येतो. तंबोऱ्याचा षड्ज अढळ असतो आणि त्या अढळपणामुळेच गायकाच्या प्रत्येक स्वरास अर्थ येतो. पाश्चात्त्य स्वरसंवादात तळचा स्वर चालता असतो. गायिका गांधारावर स्थिर आहे अशी कल्पना करावी. तळाशी षड्ज असेल तर तो गांधारच राहतो; तळ धैवतावर गेला की तोच स्वर पंचमाच्या नात्याने ऐकू येतो; तळ मध्यमावर गेला तर त्याच स्वरात अस्वस्थता उत्पन्न होते. वर काहीही बदललेले नसते, तरी अर्थ पालटतो. 'राम' हे प्रातिपदिक तेच राहून 'रामाने', 'रामाला', 'रामाशी' असे होताच वाक्यातील त्याचे नाते जसे पालटते, तसाच हा प्रकार आहे. प्रत्ययाकडे श्रोत्याचे लक्ष नसते. पण कर्ता कोण आणि कर्म कोण हे तोच ठरवितो.

जेमरसनपूर्वी लोकप्रिय गीतांतील बेसवादक बहुधा हे काम नियमाने, प्रत्येक मात्रेवर अपेक्षित स्वर ठेवून, पार पाडीत असत. जेमरसनने या प्रत्ययास वाक्याइतके सामर्थ्य दिले. अपेक्षित स्वर तो क्षणभर लांबवी, मधल्या कोमल-तीव्र स्वरांवरून त्याकडे येई, मोकळ्या तारेचा वाटेतल्या पायरीसारखा उपयोग करी, आणि मात्रेच्या आधी किंवा नंतर आघात करून लयीत ओढ निर्माण करी. हे सारे तो उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने वाजवी. ही सवय डबल बेसची होती. त्याच्या फेंडर गिटारीवरील जाड तारा तो सहसा बदलीत नसे. त्यामुळे तिचा नाद घुमण्यापेक्षा ठोस आणि उबदार येई.

एक उदाहरण तपासून पाहू. 'फॉर वन्स इन माय लाइफ' हे रॉन मिलर व ऑर्लँडो मर्डन यांचे गीत मुळात संथ लयीचे, आणि आरंभी ते तसेच गाइले गेले. उशिरा का होईना, आपली गरज असणारे माणूस भेटले असा त्याचा आशय आहे. संथ गायनात त्यास कृतज्ञतेचा, किंचित थकलेला सूर लागतो. स्टीव्ही वंडरच्या १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या द्रुत मुद्रणात तोच आशय उन्मुक्त हर्षाचा होतो. हा पालट केवळ लयीने झालेला नाही. जेमरसनचा तळ येथे क्वचितच स्वतःची पुनरावृत्ती करतो. गायकाच्या प्रत्येक ओळीखाली तो नवी वाट काढतो. आनंद शब्दांनी सांगितला आहे. त्यावर विश्वास बसतो तो या तळामुळे. याउलट 'माय गर्ल' या १९६४ च्या गीताचा आरंभ त्याने अगदी मोजक्या स्वरांनी केला आहे. जेथे कमी पुरे तेथे कमीच वाजवावे, हा विवेकही त्याच्याजवळ होता.

येथे एक आक्षेप संभवतो. ही गीते सामूहिक निर्मिती होती. गीतकार, संयोजक, तालवादक या सर्वांचा तीत वाटा होता. मग एकट्या बेसवादकास कर्ता का म्हणावे? आक्षेप रास्त आहे. संयोजकांनी काही भाग लिहून दिलेले असत, आणि कोणत्या मुद्रणात कोण वाजवीत होता याविषयी पुढे वादही झाले. 'व्हॉट्स गोइंग ऑन' या १९७१ च्या संग्रहातील काही गीतांत बेस बॉब बॅबिट यांचा आहे. परंतु सामूहिक निर्मिती याचा अर्थ कर्ता नसणे असा नव्हे, कर्ते अनेक असणे असा आहे. पाठचिकित्सक जसा एका पोथीतील निरनिराळे हात ओळखतो, तसे येथेही कानाने हात ओळखावे लागतात. हे काम कठीण आहे म्हणून ते टाळून सर्व श्रेय वेष्टनावरील नावास देणे, ही समीक्षा नव्हे.

या टाळाटाळीची किंमत जेमरसनने मोजली. १९६० नंतरच्या दशकात मोटाउनच्या वेष्टनांवर वादकांची नावे सहसा छापली जात नसत. मार्व्हिन गे यांच्या वर उल्लेखिलेल्या संग्रहावर त्याचे नाव गौरवाने आले, तोवर त्याचे बहुतेक श्रेष्ठ वादन होऊन गेले होते. १९७२ मध्ये संस्थेने आपला कारभार लॉस एंजेलिसला हलविला. तोही मागाहून तेथे गेला, पण तेथे त्याचा जम बसला नाही. मद्यपानाने शरीर पोखरले होते. मृत्यूच्या थोडे आधी त्याची गिटारही चोरीस गेली. ॲलन स्लट्स्की यांचा ग्रंथ १९८९ साली निघाला, त्यावर आधारित चित्रपट २००२ मध्ये आला, आणि २००० साली 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने साथीदार वादकांच्या नव्या वर्गात त्याचा समावेश केला. हा सारा न्याय त्याच्या पश्चात झाला.

हा दोष दूरदेशीचा म्हणून सोडून देता येणार नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याच्या वादकांनी व संयोजकांनी केलेले काम आपण दशकानुदशके ऐकले, आणि गीत संगीतकाराच्या नावाने ओळखून समाधान मानले. ज्या वादकांची स्मृती अद्याप कोणाजवळ तरी आहे, त्यांची नोंद करणे हे संशोधकाचे काम आहे. उशीर झाल्यास उरतो तो केवळ नाद, आणि नादास कुलनाम विचारता येत नाही.

जेमरसनचे कोणतेही मुद्रण पुन्हा ऐकताना एकदा गायकाकडे दुर्लक्ष करून केवळ तळाचे स्वर ऐकावेत, आणि मग पुन्हा गायकाकडे यावे. गीत तेच असते. परंतु ते कोण सांगत आहे, याविषयीचे आपले मत बदललेले असते.